पिशवीतला श्वास

रबराची पिशवी उलटी धरून तिच्यातलं पाणी बादलीत ओतायचं, हे माझं त्या नोकरीतलं पहिलं काम होतं. पाणी म्हणायचं इतकंच. एका माणसाने दोन तास आत सोडलेल्या श्वासाची वाफ थंड होऊन साचलेली, त्यात त्याची लाळ, आणि वर त्याने सकाळी जे खाल्लं असेल त्याचा वास. पेलाभर तरी निघायचं. पहिल्या दिवशी मी ते ओतलं, शेडच्या मागे गेले आणि ओकले. परत आले तेव्हा दोघे डायव्हर स्टुलांवर बसून चहा पीत होते. त्यातले मोठे, ज्यांना सगळे मास्टर म्हणायचे, ते म्हणाले, "मुली, तू नुसतं ओतलंस. आम्ही ते पितो." दुसऱ्याला इतकं हसू आलं की त्याचा चहा नाकातून आला. तोही मलाच पुसावा लागला, कारण माझं रजिस्टर टेबलावर होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आईबरोबर राहायचे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा हातात होता आणि नोकरी मिळत नव्हती. 'मुलगी आहे, शिफ्टला कशी येणार' हे ऐकून कंटाळले होते. अशात ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा शेडमध्ये दाब मोजायची गेज तपासायला माणूस हवा आहे असं कळलं. पाण्याखालची कामं घेणाऱ्या ठेकेदाराची ती शेड. पुलाचे खांब बघायचे, कारखान्यांच्या पाण्याच्या जाळ्या साफ करायच्या, खाडीत बुडालेला बार्ज शोधायचा, असली कामं. मालक नेहमी पांढरा सफारी घालायचे. त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलंही नाही. म्हणाले, "मुली स्वच्छता ठेवतात. ते महत्त्वाचं आहे."

कसली स्वच्छता, ते पहिल्याच दिवशी कळलं.

साधा डायव्हर पाठीवरच्या बाटलीतली हवा घेतो आणि सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वर जातो. मालकांनी कुठल्याशा जुन्या जहाजाच्या सामानातून दोन वेगळे सेट आणले होते. त्यात श्वास बाहेर जातच नाही. छातीवर रबराची पिशवी, तिला जोडलेला चुन्याच्या खड्यांचा डबा, खाली ऑक्सिजनची छोटी बाटली, आणि तोंडात धरायचा रबरी तुकडा. माणूस श्वास सोडतो तो डब्यातून पिशवीत जातो. जाताना चुना त्यातला वाईट वायू खाऊन टाकतो, बाटलीतून थोडा ऑक्सिजन मिसळतो, आणि तोच श्वास परत छातीत. एक लहान बाटली दोन तास पुरते. फार खोल जाता येत नाही, पण आमची कामं कुठे खोल होती? मास्टरांनी नेव्हीत असताना असले सेट वर्षानुवर्षं वापरलेले. मालकांना त्यांनीच घ्यायला लावले होते.

मास्टर पन्नाशीचे, सातारकडचे, आवाज डब्यात बोलल्यासारखा. दुसरा डायव्हर ठाण्याच्याच खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, तिशीचा, खांदे दारात न मावणारे. त्याला मी दादा म्हणायचे आणि तो मला बाय. दोघांचंही सेटवर इतकं प्रेम की दिवसभर दुसरा विषय नाही. कुठला वॉशर कडक झाला, तोंडातल्या तुकड्याला कुणाच्या दातांचे खड्डे पडलेत, पिशवी कशी शिवायची, चुना किती दाबून भरायचा. आणि हे सगळं बोलणं विनोदातून. सरळ वाक्य त्या शेडमध्ये कुणी बोलत नसे.

"काल काय खाल्लंस?" मास्टर तोंडाचा तुकडा हुंगून दादाला विचारायचे.

"बोंबील."

"ते अजून पोहतायत आत."

किंवा थंडीच्या दिवसांत दादा पाण्यातून वर आला की मास्टर मला हाक मारायचे, "मुली, सूट जरा दोनदा धू. साहेबांनी गीझर दिला नाही म्हणून याने स्वतःचा लावला." यावर दादा मान खाली घालून हसायचा. आणि मी तो सूट धुवायचे. तो वास साबणाने जात नाही. डोंबिवलीला घरी येऊन आंघोळ केली तरी नखांत रबर, ओला चुना आणि ते दुसरं. आई ताटात आमटी वाढायची आणि मला वाटीतला फेस पिशवीतल्या पाण्यासारखा दिसायचा. मी बरेच दिवस ताकभातावर काढले.

त्यात ऑक्सिजनजवळ तेल चालत नाही, भडका उडतो. म्हणून मी केसांना तेल लावणं सोडलं. आईला ते पटेना. "कसली गं ही नोकरी, झिंज्या करून जायची?" असं ती रोज विचारायची. मी तिला सांगितलं की मी घड्याळासारखी गेज दुरुस्त करते. तेवढंच सांगण्यासारखं होतं.

त्या दोघांचा राग यावा असं त्यांचं वागणं नव्हतं, हेही सांगायला हवं. माझ्या अंगाला कधी कुणी हात लावला नाही, जड बाटली मला उचलू दिली नाही. पण तोंड उघडलं की गटार. माझ्यासमोर बोलू नये असं त्यांना वाटत नसे, आणि मला बोलता येत नसे. मी एक उपाय शोधला. विनोद सुरू झाला की नळ मोठा सोडायचा. पत्र्याच्या सिंकवर पाणी आपटलं की पुढचं काही ऐकू येत नसे.

फेब्रुवारीत सेटची चाचणी घ्यायला आम्ही खडवलीला गेलो. तिथे नदी स्वच्छ, खडकाळ. रविवार असल्यामुळे काठावर डबे घेऊन आलेली कुटुंबं होती. दादा सेट लावून पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. बुडबुडा नाही, लाट नाही. दोरीही लावली नव्हती, उथळ पाणी म्हणून. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काठावरची एक बाई अस्वस्थ झाली. तिने त्याला आत जाताना पाहिलं होतं.

"अहो, तुमचा माणूस वर नाही आला," ती मास्टरांना म्हणाली.

मास्टर खडकावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गेला तो," ते म्हणाले. "तुम्ही आता तेराव्याला या."

बाईने तोंडावर पदर धरला आणि रडायलाच लागली. तिच्या नवऱ्याने पाण्यात उडी मारायची तयारी केली. मी धावत जाऊन त्यांना सगळं समजावलं, पिशवी, चुना, बाटली. त्यांना काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. दीड तासाने दादा पलीकडच्या डोहातून वर आला, हातात पाण्यात पडलेला कुणाचा तरी स्टीलचा डबा घेऊन. मास्टर हसून हसून खडकावर आडवे. तो नवरा आम्हाला शिव्या देत आपलं सामान उचलून गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या.

संध्याकाळी शेडमध्ये मी चुन्याचा डबा उघडला. सकाळी भरताना खडे पांढरे होते, आता जांभळे झाले होते. काम झालं की ते असे रंग बदलतात. मी ते फेकायला निघाले, तेवढ्यात मालक आत आले. "फेकू नकोस, त्या पत्र्याच्या डब्यात ठेव," म्हणाले आणि गेले. मी ठेवले.

मास्टर मागे हात पुसत उभे होते. "मुली, या चुन्याचं एक सांगतो तुला. हा चुना म्हणजे ना, बाईसारखा. पहिल्या रात्री लाजून जांभळी होते..."

मी नळ सोडला. पूर्ण. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, दादाचे खांदे हलताना दिसत होते. माझ्या कानात फक्त पाणी. त्यांचं बोलून झालं तेव्हा मी नळ बंद केला. मास्टर थोडे हिरमुसले. "ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऐकलं."

एप्रिलमध्ये कल्याणच्या पुढे नदीकाठच्या एका कारखान्याचं काम आलं. नदीतून पाणी ओढणाऱ्या त्यांच्या जॅकवेलची जाळी तुंबली होती. विहिरीकडे जाणारा बोगदा अरुंद, वर जलपर्णी दाट. कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आत गेलं तर तो अडकणार, आणि साध्या बाटलीची हवा काम संपायच्या आत संपणार. मालकांनी कारखान्याला शब्द दिला की आमचा माणूस सलग दोन तास आत राहील. मास्टर दोर आणि हत्यारं घेऊन आदल्या दिवशीच पुढे गेले होते. सेट भरून सकाळी दादाबरोबर यायचं काम माझ्याकडे.

मी चुन्याचा ड्रम उघडला तर तळाशी नुसती भुकटी. मालकांना सांगायला गेले.

"नवा ड्रम परवा येणार आहे," ते म्हणाले. "त्या पत्र्याच्या डब्यात आहे ना ठेवलेला?"

"तो वापरलेला आहे, साहेब."

"बघ तर खरं."

मी झाकण काढलं. आत खडे होते, पांढरेशुभ्र. जांभळा रंग कुठेच नाही. मी दोन खडे हातात घेऊन उजेडात धरले. नव्यासारखे. मला वाटलं, हवा लागून सुकला असेल, बरा झाला असेल. मी डिप्लोमा केलेली मुलगी, आणि मला हे वाटलं. मालक माझ्या मागे उभे होते. "झालं ना?" ते म्हणाले. मी भरला. नेहमीसारखा, थर लावून, ठोकून, नीट भरला.

जॅकवेलजवळची ती नदी मी अजून विसरले नाही. पाणी चहाच्या रंगाचं, वर तेलाचा तवंग, जलपर्णीखाली कुजलेलं कायकाय. जाळीजवळ एक मेलेलं कुत्रं फुगून तरंगत होतं आणि त्याच्यावर माश्यांचा थर होता. उन्हाने सगळ्याला उकळी आल्यासारखा वास. पंप बघणाऱ्या माणसाने नाकाला फडकं बांधलं होतं, तो लांबच उभा राहिला. मास्टरांनी बांबूने कुत्रं बाजूला लोटलं आणि दादाला म्हणाले, "सासुरवाडीचे आलेत न्यायला."

दादाने सेट चढवला. मास्टरांनी मला विचारलं, "चुना भरलास?"

"भरला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कुठला भरला हे मी सांगू शकले असते, एका वाक्याचं काम होतं. पण चुन्याचं नाव काढलं की ते तो विनोद परत सांगतील, इथे, पंपवाल्यासमोर, या घाणीत. मला तो ऐकायचा नव्हता. मी मागे सरले.

दादा पाण्यात गेला. दोरी मास्टरांच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोड, चार म्हणजे वर ओढ. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी एक झटका यायचा. जाळीवरून सुटलेला कचरा वर येत होता, पिशव्या, चिंध्या, एक चप्पल. मास्टर प्रत्येक वस्तू आली की काहीतरी बोलायचे. मग वीसेक मिनिटांनी झटका आला नाही. मास्टरांनी इकडून एक दिला. उत्तर नाही. परत दिला. तिकडून दोरी नुसती थरथरली, एकदा, तीनदा, मोजता येणार नाही अशी.

मास्टरांचं तोंड बंद झालं. एवढ्या महिन्यांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ओढायला सुरुवात केली आणि पंपवाल्यावर ओरडले, "धर रे!" मीही धरली. दोरीला लागलेली सगळी घाण माझ्या हातावर, छातीवर.

दादा वर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते पण तो आमच्याकडे बघत नव्हता. चेहरा राखेच्या रंगाचा. धापा टाकत होता, उन्हातल्या कुत्र्यासारख्या, उथळ, भराभर. तोंडातला तुकडा सुटून लोंबत होता आणि तोंडातून पांढरा फेस येत होता. ओठ, हनुवटी लालभडक. काठावर घेतला तसा तो माझ्या मांडीवर ओकला. मास्टरांनी त्याची मान कलती केली आणि ओरडले, "पाणी! चांगलं पाणी! गिळू नकोस, थुंक, थुंक!"

पंपवाल्याचा माठ होता. मी तांब्यामागून तांब्या दिला. दादा चूळ भरायचा, थुंकायचा, आणि दर वेळी कण्हायचा. डायव्हर लोक याला चुन्याचं सरबत म्हणतात. पिशवीत पाणी शिरलं, ते चुन्यात गेलं, की जे तयार होतं ते जीभ भाजून काढतं. यावरही त्यांचे दहा विनोद होते. मास्टरांनी चुन्याचा डबा उघडून पाहिला. भिजलेले खडे जांभळे पडले होते, तळापासून वरपर्यंत.

"वीस मिनिटांत?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "कुठला चुना भरलास?"

"पत्र्याच्या डब्यातला."

"खडवलीचा?"

"पांढरा झाला होता, मास्टर. नव्यासारखा."

ते शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं होतं तुला. आठवडाभर एकटी ठेवली की परत पांढरी साडी नेसून बसते, कुमारी असल्यासारखी. जो फसला तो मेला. सांगितलं होतं की नाही?"

त्या घाणेरड्या वाक्यात सगळं होतं. वापरलेला चुना पडून राहिला की त्याचा रंग जातो, पण त्याचा जीव परत येत नाही. त्यांनी मला ते शिकवलं होतं, आणि मी नळ सोडून उभी होते. मला त्यांची किळस होती, मालकांची होती, त्या नदीची होती. त्या क्षणी मांडीवर दादाची ओकारी घेऊन बसलेल्या माझी मला जेवढी आली तेवढी कशाचीच आली नाही.

दम लागला म्हणून दादाने तोंड उघडलं असणार, आणि तोंड उघडलं म्हणून पाणी आत गेलं. चुना जिवंत असता तर दम लागलाच नसता. हे मास्टरांनी दवाखान्यात डॉक्टरांना नीट, सरळ भाषेत सांगितलं. त्यांना सरळ भाषा येते हेही मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. टेबलावर कारखान्याला द्यायचा टाइप केलेला अहवाल होता. उपकरण व्यवस्थित होतं, नवा चुना भरला होता, डायव्हरने हलगर्जीपणाने तोंडाची पकड सोडली. खाली माझ्या सहीची जागा.

"हे खरं नाही, साहेब."

"भरला कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग? खरं लिहिलं तर कुणावर येईल? तुझ्यासाठीच करतोय." ते हसले. सफारीवर एक डाग नव्हता. "अगं, तो बरा होईल. कोळी माणूस, खारं पाणी पिऊन वाढलेला."

मला वाटलं, इथेही नळ असता तर बरं. पण मी त्यांच्यासमोरचा कोरा कागद ओढला आणि हाताने लिहिलं की चुना वापरलेला होता, साहेबांनी तो भरायला सांगितला, आणि मी भरला. सही केली. त्यांनी तो कागद वाचून घडी घातली आणि खणात टाकला. अहवाल दुसऱ्याच कुणाच्या सहीने गेला. मला काढलं नाही. काढलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. दादाचं घर खाडीच्या तोंडाशी, दारात जाळं वाळत घातलेलं. तो खाटेवर बसला होता, ओठ सुजून दुप्पट झालेले, हनुवटीला मलम. त्याची आई थंड पेज चमच्याने भरवत होती आणि दर घोटाला त्याचे डोळे मिटत होते. शेजारचे तीनचार जण बसले होते.

मी दारातच म्हटलं, "दादा, तो चुना मी भरला. जुना होता. मला कळलं नाही, आणि मी मास्टरांना विचारलंही नाही."

तो सुजलेल्या तोंडाने अडखळत म्हणाला, "बाय... लगीन झाल्याव... नवऱ्याला असाच चाय पाज."

सगळे हसले. तोही हसायला गेला आणि दुखून कळवळला, तर ते आणखी हसले. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी शिव्या खायला आले होते. त्याने मला त्यांच्यातली करून घेतलं होतं आणि मला ते नको होतं, मुळीच नको होतं.

त्याची आई हसली नाही. तिने वाटी खाली ठेवली. "दात नको काढू रे," ती त्याच्यावर खेकसली, आणि मग माझ्याकडे वळली. "तीन दिस माजा पोर पानी गिलत नाय. तुला कलत नव्हतं तं इचारायचं नाय? तोंड नाय तुला?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं." तिने नुसती मान हलवली. "जा आता. त्याला निजू दे."

मी परत फिरले. खाडीचा चिखल, सुकटीचा वास, भर दुपार. त्या बाईने जे सुनावलं तेवढंच मला त्या आठवड्यात स्वच्छ वाटलं.

मी नंतर दीड वर्ष तिथे राहिले. पहिल्यांदा पत्र्याचा डबा नेऊन रिकामा केला, मालकांसमोर. मग मास्टरांसमोर वही घेऊन बसले आणि म्हटलं, "तुमचे सगळे विनोद सांगा." ते लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. "तुला कसे सांगू?" म्हणाले. इतके दिवस सांगतच होते की. मी मान खाली घालून लिहून घेतले, एकेक. प्रत्येकात काहीतरी होतं. एकात बाटलीचा नळ किती फेरे उघडायचा ते, एकात पाण्यात जाण्याआधी पिशवी तीनदा रिकामी का करायची ते, एकात डोकं दुखायला लागलं तर काय करायचं ते. नेव्हीत त्यांना हे असंच शिकवलं होतं. मी त्यातली घाण काढून बारा सूचना केल्या, स्वच्छ मराठीत, आणि टाइप करून भिंतीवर लावल्या.

मास्टरांनी चष्मा लावून वाचल्या. "शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हे आठवणार कुणाला?"

ते वर्षअखेरीस गावी गेले. नवे दोन डायव्हर आले, विशीतले, आपसात हिंदीत बोलणारे. सूचनांच्या कागदावर त्यांनी आठवडाभरात एका नटीचं चित्र चिकटवलं. चुना वापरून झाल्यावर त्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, ये तो दो दिन में फिर सफेद हो जाता है, फेकना क्यों?"

मी त्याला रसायनशास्त्र सांगायला लागले. त्याने जांभई दिली. मग मी तो विनोद सांगितला. मास्टरांचा, पण बाईच्या जागी पांढऱ्या सफारीतला माणूस घालून. आतून काळा पडलेला, आठवडाभर कुणी विचारलं नाही की परत पांढरा होऊन खुर्चीत बसणारा. ते दोघे एकमेकांवर कोसळून हसले. एकाने दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली. त्यानंतर वापरलेला चुना त्या शेडमध्ये कधी परत भरला गेला नाही. माझ्या तोंडून असलं काही निघालं आणि ते लागू पडलं, याची मला घरी येईपर्यंत शिसारी येत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पिशवीचा विनोद सांगितला. तो मूळचाच होता, बदलायला जमला नाही.

दादा पुन्हा एकदाच आला, आपला मास्क आणि बूट न्यायला. तो आता पुलाच्या ठेकेदाराकडे होता, वरून पाइपने हवा घेऊन उतरायचा. पिशवीचा सेट परत लावला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक गुळगुळीत, गुलाबी पट्टा राहिला होता. नव्या मुलांना त्याची गोष्ट माहीत होती. एकाने पान पुढे करून विचारलं, "चुना लगाऊँ, उस्ताद?"

"गप्प बसा रे!" मी ओरडले. शेडमध्ये मी पहिल्यांदाच ओरडले.

दादाने पान घेतलं. "ऱ्हाऊ दे बाय," तो म्हणाला. "आमी हसलो नाय तं खाली उतरू कसं?" तो मुलांच्यात बसला आणि बराच वेळ बसला. त्याला चव फारशी लागत नाही, आई आता कालवणात तिखट जास्त घालते, हे त्याने जाता जाता मला एकटीला सांगितलं. त्यात विनोद नव्हता. मी त्याचा मास्क पुसून दिला.

नव्वदच्या सुमारास डोंबिवलीच्या एमआयडीसीत बॉयलरची गेज तपासायची नोकरी मिळाली आणि मी ठाणं सोडलं. केसांना परत तेल लावायला लागले. आईने पहिल्या दिवशी स्वतः चंपी करून दिली, पाटावर बसवून, आणि विचारलं, "तिकडे नक्की करत काय होतीस गं?" मी तिला सगळं सांगितलं, नदी, कुत्रं, पिशवी, दादाची आई. विनोद सोडून सगळं. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते. शेवटी म्हणाली, "आणि त्या बाईकडे परत गेलीस का कधी?"

मी गेले नव्हते. त्या रविवारी गेले. तिने ओळखलं नाही आधी, मग ओळखलं, आणि बस म्हणाली.